दुखण्याचा माग

घोडा नुसता उभा असला तरी त्याच्या वजनाचा ६० टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या दोन पायांवर असतो. लांब मान आणि जड डोके पुढे असल्याने तोलच तिकडे जातो. या पायांची रचनाही विलक्षण आहे. घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. त्याच्या खांद्याचे हाड धडाच्या सांगाड्याला कुठेही सांध्याने जोडलेले नसते. दोन पायांच्या मध्ये छाती स्नायूंच्या झोळीत ठेवल्यासारखी तोललेली असते. गुडघ्याच्या खाली तर स्नायू जवळपास नाहीतच. तिथे हाडे, कंडरा, अस्थिबंध आणि वर कातडी, एवढाच ऐवज. ज्याला आपण घोड्याच्या पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो तो रचनेने मनगटाचा सांधा आहे, आणि त्याखाली सगळे जनावर एकेका बोटावर उभे असते. भरधाव धावताना एक क्षण असा येतो की संपूर्ण शरीर एकाच पुढच्या पायावर येते आणि वजनाच्या सुमारे अडीच पट जोर त्या पायातून जमिनीत उतरतो. हे ध्यानात घेतले की एखादा घोडा पुढच्या पायाने लंगडतो याचे नवल वाटत नाही. इतके घोडे वर्षानुवर्षे धड चालतात, याचेच वाटते.

एका रात्रीत उद्भवलेले लंगडणे बहुतेक वेळा लवकर उलगडते. तळव्यात पू झालेला असतो, नाल ठोकताना खिळा जिव्हारी लागलेला असतो, किंवा टोकदार दगडाने तळवा ठेचलेला असतो. घोडा पाय टेकायला तयार नसतो, खूर गरम लागते, खुराकडे जाणारी नाडी बोटाखाली जोराने उडते. तळवा थोडा कोरून पूला वाट दिली की काही दिवसांत जनावर हिंडू-फिरू लागते. अवघड असते ते दुसरे लंगडणे. विश्रांती दिली की ते नाहीसे झाल्यासारखे वाटते, काम सुरू झाले की आठवड्याभरात परत येते. फेनिलब्युटाझोनसारखे वेदनाशामक चालू असेपर्यंत घोडा ठीक, औषध थांबले की पुन्हा तेच. अशा वेळी सर्वात मोठी चूक घाईतून होते. क्ष-किरणांनी पायाचे चित्र काढले जाते, त्यात कुठेतरी हाडाची कड खडबडीत दिसते आणि तिलाच कारण ठरवून उपचार सुरू होतात. पण काम करणाऱ्या घोड्याच्या पायात वयानुसार असे बदल होतच असतात. त्यांतले कितीतरी मुळीच दुखत नाहीत. म्हणून जाणते पशुवैद्य आधी दुखण्याची जागा नक्की करतात, मग त्या जागेचे चित्र काढतात आणि कारणाविषयी सर्वात शेवटी बोलतात. हा क्रम उलटला की महिने वाया जातात आणि त्या महिन्यांचा त्रास घोडा भोगतो.

तपासणीची सुरुवात विचारपूस करून होते. घोड्याचे वय आणि काम कळले की शक्यता बऱ्याच आवळतात. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर सराव करणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या घोड्यात गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाची पुढची बाजू, गुडघ्यातले हाडाचे कपचे आणि पायामागची वरची कंडरा यांचा विचार आधी येतो. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये पाठीवर माणूस घेऊन चढउतार करणाऱ्या घोड्याची गोष्ट निराळी. उतारावर भार आणखी पुढे सरकतो आणि खुराच्या मागच्या भागाला, सांध्यांना तो सोसावा लागतो. मध्यम वयाच्या स्वारीच्या घोड्यात संशय बहुधा खुरावर जातो. शेवटची नालबंदी कधी झाली, लंगडणे त्याआधीचे की नंतरचे, कामाच्या सुरुवातीला जास्त असते की थकल्यावर, खडकाळ वाटेवर वाढते की मऊ मातीत, ही सगळी माहिती मालकापेक्षा मोतद्दाराकडे जास्त असते. जो माणूस रोज खरारा करतो, खूर उचलून साफ करतो, त्याला बदल पहिल्यांदा जाणवलेला असतो. त्याला न विचारता केलेली तपासणी अर्धवट समजावी.

नंतर घोड्याला त्याच्याच ठाणावर, सपाट जागी, कोणी न धरता उभे राहू द्यायचे आणि नुसते पाहायचे. घोडा हा शिकार होणाऱ्या प्राण्यांच्या कुळातला आहे. दुखणे दाखवणे त्याच्या स्वभावात नाही. अनोळखी आवारात नेले, गर्दी झाली, की तो ताठ होतो आणि सौम्य लंगडणे झाकले जाते. एकटा असताना मात्र तो एक पाय पुढे टेकवून त्यावरचा भार काढून घेतो. दोन्ही पुढचे पाय पुढे सरकवून शरीर मागे रेलून धरले असेल, तर खुराच्या आतल्या पडद्यांच्या सुजेची, लॅमिनायटिसची, शंका घ्यावी लागते. दोन्ही खुरांची तुलना करावी लागते. बरेच दिवस कमी भार घेणारे खूर हळूहळू अरुंद आणि उभट होते, त्याची टाच आक्रसते. खुरावरची आडवी वलये गेल्या काही महिन्यांतला आजार सांगतात.

इथेच एक जुना गैरसमज वाट अडवतो. पुढचा पाय आखडून टाकणारा घोडा पाहिला की लोक खांद्याकडे बोट दाखवतात. खांद्याचे स्नायू सुकलेले दिसले की खात्रीच पटते. प्रत्यक्षात पाय कमी वापरल्याने स्नायू सुकतात, मग दुखणे खुरात का असेना. पुढच्या पायाच्या लंगडण्यातली बहुतेक दुखणी गुडघ्याखाली आणि त्यांतलीही पुष्कळशी खुरातच असतात. या गैरसमजापोटी किती घोड्यांच्या खांद्यांना डाग दिले गेले असतील, याचा विचार मनाला टोचतो. कंडरेच्या दुखण्यावरही तापल्या लोखंडाने डागण्याची प्रथा जगभर होती. तिचा पद्धतशीर अभ्यास ब्रिटनमध्ये झाला आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. डागण्याने कंडरा बरी व्हायला मदत होते, असे त्यात आढळले नाही. खुराचे महत्त्व मात्र फार पूर्वीपासून माहीत होते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफनने अश्वविद्येवरच्या आपल्या पुस्तकात घोडा पारखताना सर्वात आधी पाय पाहायला सांगितले आहे.

डोळ्यांनंतर हाताची पाळी. भार असताना आणि पाय उचलून, अशा दोन्ही रीतींनी खांद्यापासून खुरापर्यंत बोटे फिरवली जातात. पाय उचलल्यावर कंडरा सैल पडतात आणि दोन बोटांत वेगवेगळ्या धरता येतात; दुखऱ्या पायाची दुसऱ्या पायाशी तुलना केली की जाडी, ऊब, दाबल्यावर पाय ओढून घेणे, हे सगळे लक्षात येते. खुराचा तळवा मोठ्या चिमट्याने जागोजाग दाबून पाहतात. एकाच जागी पुन्हा पुन्हा घोडा चमकला तर ती खूण महत्त्वाची. पण चिमट्याला काही प्रतिसाद आला नाही म्हणून खूर निर्दोष ठरत नाही. खुराच्या मागच्या भागात खोलवर दुखणारे अनेक घोडे चिमट्याखाली शांत राहतात.

खरी परीक्षा चालण्याची असते, आणि तिला दुडकी चाल लागते. साध्या चालीत चार पाय चार वेगळ्या वेळी पडतात, त्यामुळे फरक हरवतो. दुडकीत कर्णरेषेतले दोन पाय जोडीने पडतात. दोन ठोक्यांची ही चाल निरोगी घोड्यात इतकी समान असते की थोडी विषमताही उघडी पडावी. कठीण सपाट जमिनीवर, दोर सैल ठेवून, घोडा समोर येताना आणि दूर जाताना पाहायचा. दुखरा पाय पडताना तो डोके वर उचलतो, मानेचे ओझे त्या पायावरून काढून घेतो. चांगला पाय पडताना डोके खाली येते. डोके आणि मान मिळून शरीराच्या वजनाचा जवळजवळ दहावा भाग असतो, त्यामुळे या उचलण्याने दुखऱ्या पायाला खरोखर आराम मिळतो. कानही उघडे ठेवावेत. दुखऱ्या पायाची टाप हलकी वाजते, धड पायाची जड.

यातही फसगत होते. मागचा पाय लंगडत असेल तर घोडा तो पडताना भार पुढे ढकलतो आणि डोके खाली घालतो. पाहणाऱ्याला त्याच बाजूचा पुढचा पाय दुखतोय असे वाटते. दोन्ही पुढचे पाय सारखे दुखत असतील तर डोके हलतच नाही, फक्त पावले तोकडी पडतात आणि मालक म्हणतो की घोडा आळशी झाला. म्हणून घोड्याला लांब दोरीवर दोन्ही दिशांनी वर्तुळात फिरवतात, आधी कठीण आणि मग मऊ जमिनीवर. खुराच्या मागच्या भागातले दुखणे कठीण जमिनीवर तो पाय वर्तुळाच्या आतल्या बाजूला असताना बहुधा वाढते. नळीच्या हाडामागच्या आधार-अस्थिबंधाचे दुखणे मऊ जमिनीवर, पाय बाहेरच्या बाजूला असताना.

माणसाच्या डोळ्याची मर्यादा घोड्याच्याच बाबतीत जगासमोर आली होती. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, या प्रश्नाचा निकाल लागायला १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिजने ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांची गरज पडली. शतकानुशतके चित्रकारांनी धावता घोडा चुकीचाच रंगवला होता. लंगडणे अगदी सौम्य असले की अनुभवी पशुवैद्यांचीही आपसांत मते जुळत नाहीत. अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठात केविन कीगन यांनी यावर काम केले, आणि त्यातून डोके, कटी व उजव्या पुढच्या पायावर लहान संवेदक बसवून विषमता मोजण्याची पद्धत पुढे आली. ब्रिटनमध्ये सू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वारीखालच्या घोड्याच्या २४ वर्तनांची यादी मांडली: कान मागे लावणे, तोंड उघडे धरणे, शेपूट झटकत राहणे, ठेच लागणे. यांतली आठ किंवा जास्त वर्तने एकत्र दिसली तर दुखण्याची शक्यता फार मोठी. ज्याला हट्टी ठरवून चाबूक मारला जातो तो घोडा पुष्कळदा दुखऱ्या पायाने चालत असतो. तपासणीच्या साऱ्या ज्ञानात घोड्यांच्या सर्वात उपयोगी पडेल अशी ही गोष्ट आहे, आणि ती तबेल्या-तबेल्यात पोचायला हवी.

पाय कोणता ते ठरले की पायातली जागा शोधायची. सांधे काही वेळ दुमडून धरून लगेच दुडकीने पळवण्याची जुनी चाचणी थोडी दिशा देते, पण एका दुमडण्यात अनेक सांधे ताणले जातात आणि निरोगी घोडेही कधी कधी दोन पावले लंगडतात. भरवशाचा मार्ग म्हणजे मज्जातंतू बधिर करणे. १८८४ मध्ये कार्ल कोलरने कोकेनच्या बधिर करण्याच्या गुणाचा शस्त्रक्रियेत उपयोग दाखवला, आणि थोड्याच वर्षांत घोड्यांचे डॉक्टर त्याचा वापर लंगडण्याचे ठिकाण शोधायला करू लागले. आज मेपिव्हॅकेन वापरतात. जे सांगायला घोड्याला शब्द नाहीत ते या पद्धतीने त्याच्याकडून कळते. दुखरा भाग बधिर झाला की तो सरळ धावू लागतो.

इथे नियम कडक आहे: तळापासून वर जायचे. वरचा तंतू आधी बधिर केला तर खालचे सगळे एकदम गप्प होते आणि काहीच कळत नाही. पहिली सुई टाचेच्या थोडी वर, पायाच्या दोन्ही बाजूंना. प्रत्येक ठिकाणी औषध जेमतेम दीड मिलीलिटर. पाच ते दहा मिनिटे थांबून टाचेच्या कातडीवर पेनचे टोक दाबून बधिरता तपासायची आणि घोडा त्याच जमिनीवर, त्याच वेगाने पुन्हा पळवायचा. फार वेळ थांबले तर औषध कातडीखालून वर सरकते आणि उत्तर गढूळ होते. लंगडणे तीन-चतुर्थांशाहून अधिक कमी झाले तर त्या भागात दुखणे आहे असे धरतात. फरक पडला नाही तर पुढची पायरी: फेटलॉकच्या, म्हणजे नळीच्या हाडाखालच्या सांध्याच्या, मागे, मग नळीच्या हाडाच्या तळाशी, मग गुडघ्याच्या खाली, मग कोपराजवळ. सांध्यात सुई घालायची असेल तर शस्त्रक्रियेइतकी स्वच्छता पाळावी लागते, कारण सांध्यात जंतू शिरले तर घोडा गमवावा लागू शकतो.

कधी कधी डावा पाय बधिर होताच घोडा उजव्या पायाने लंगडू लागतो. पाहणाऱ्या मालकाला धक्का बसतो, पण अर्थ सरळ आहे: दुखणे दोन्हीकडे होते, डावीकडचे अधिक असल्याने उजवीकडचे झाकले गेले होते. आणि एक सावधगिरी जिवाच्या मोलाची आहे. हाडाला बारीक तडा असल्याची शंका असेल तर बधिर करायचे नाही. वेदना गेली की घोडा पूर्ण भार टाकतो आणि तडा गेलेले हाड मोडते.

या चाचण्यांचे उत्तर लोकांना वाटते तितके नेमके नसते. टाचेवरची पहिली सुई फक्त खुराचा मागचा एक-तृतीयांश भाग बधिर करते असे दीर्घकाळ शिकवले जात होते. ती जवळपास सगळ्या खुराला बधिर करते हे नंतर कळले. गुडघ्याखाली आधार-अस्थिबंधासाठी दिलेले औषध शेजारच्या सांध्याच्या पिशवीत शिरू शकते आणि सांध्याचे दुखणे अस्थिबंधाच्या नावावर जमा होते. म्हणून एका चाचणीवर विसंबू नये. संशय राहिला तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या जागेवरून पडताळावे.

जागा आवळल्यावर मग चित्रे. क्ष-किरण हाड दाखवतात, आणि तेही हाडातले खनिज बरेच कमी झाल्यावर. कंडरा आणि अस्थिबंध अल्ट्रासाउंडमध्ये दिसतात: केस कापून, दोन्ही पायांची तुलना करत, फाटलेल्या तंतूंच्या जागी काळसर डाग शोधायचा. खुराच्या आत मात्र ही ध्वनिलहर पोचत नाही, कारण शिंगासारखे टणक कवच तिला अडवते. सर्वाधिक दुखणी जिथे असतात नेमकी तीच जागा वर्षानुवर्षे झाकलेली राहिली.

त्याचा परिणाम नॅव्हिक्युलर नावाच्या छोट्या हाडावर झाला. होडीच्या आकाराचे हे हाड खुराच्या सांध्यामागे असते आणि पाय दुमडणारी खोल कंडरा त्याच्यावरून वळून खुराच्या हाडाला मिळते. प्रत्येक पावलाला, खूर जमीन सोडण्याच्या सुमारास, ती कंडरा या हाडावर दाबली जाते. पुढे वाढलेला पंजा आणि खचलेली टाच असेल तर दाब आणखी वाढतो. टाच बधिर केल्यावर घोडा सुधारला की विसाव्या शतकात बहुतेकदा एकच निदान होई: नॅव्हिक्युलर रोग. हाडातली छिद्रे रुंद दिसली की शिक्का पक्का, जरी तशी छिद्रे धडधाकट घोड्यांतही आढळत. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये उभ्या घोड्याचे एमआरआय सुरू झाले. नालेच्या आकाराच्या चुंबकात पाय ठेवून, फक्त गुंगी देऊन. तेव्हा दिसले की एकाच नावाखाली अनेक दुखणी कोंबली गेली होती. काहींची खोल कंडरा खुराच्या आत चिरलेली होती, काहींच्या खुराच्या सांध्याचे बाजूचे अस्थिबंध दुखावले होते, काहींच्या हाडात क्ष-किरणांना न दिसणारी सूज होती. हा भेद कागदोपत्री नाही. हाडाच्या दुखण्यात टाचेला आधार देणारी नाल आणि बेताचे काम चालू शकते. चिरलेल्या कंडरेला सहा महिने किंवा जास्त विश्रांती लागते, आणि कामावर ठेवलेला घोडा कायमचा बाद होतो.

एमआरआय जिथे उपलब्ध नाही तिथे हतबल व्हायचे कारण नाही. नीट केलेली बधिरता-चाचणी आणि खुराचे बाजूने घेतलेले चांगले क्ष-किरण चित्र एवढ्यावर नालबंदाला अचूक सांगता येते की पंजा किती कापायचा, टाच किती ठेवायची. पशुवैद्य आणि नालबंद यांनी एकत्र उभे राहून ते चित्र पाहिले तर अर्धे काम होते. दुर्दैवाने दोघे बहुधा वेगवेगळ्या दिवशी येतात.

खालपासून वरपर्यंत सगळे बधिर करूनही लंगडणे राहिले, तर क्वचित आढळणारी कारणे पुढे येतात. कोपर, खांदा, खांद्यासमोरच्या कंडरेखालची पिशवी. गाडीच्या घोड्यात गळ्यातल्या साजाच्या दाबाने खांद्यावरचा मज्जातंतू दुखावतो आणि त्या बाजूचे स्नायू खरोखर झपाट्याने सुकतात. मानेच्या शेवटच्या मणक्यांची झीज तंतूंच्या मुळांना दाबते तेव्हा पाय लंगडतो, पण पायात काहीच सापडत नाही. शर्यतीच्या घोड्यात दंडाच्या हाडाला ताणाने तडा जातो. तिथे टेक्निशियम हे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन हाडाची क्रिया कुठे वाढली आहे ते कॅमेऱ्याने पाहतात. कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता रेसकोर्सवर अनेक घोडे दगावल्यानंतर २०१९ च्या अखेरीस उभ्या घोड्यासाठी पेट स्कॅनचे यंत्र बसवण्यात आले. फेटलॉकमागच्या छोट्या हाडांतली इजा ती हाडे मोडण्याआधी दिसावी, हा त्यामागचा हेतू.

चित्र स्वच्छ आले तरी तडा नाही असे लगेच म्हणता येत नाही. बारीक तडा क्ष-किरणात उमटायला दहा ते चौदा दिवस लागू शकतात. तोवर घोड्याला ठाणावरच ठेवून पुन्हा चित्र काढतात. खुरातल्या कारणावर उपचार केले असतील तर धीर आणखी लागतो: खूर महिन्याला सहा ते दहा मिलीमीटर वाढते आणि पंजा नवा व्हायला नऊ महिने ते वर्ष लागते. दर दोन नालबंदींनंतर त्याच जमिनीवर, वेदनाशामक बंद करून, घोडा पुन्हा दुडकीने पळवतात आणि आधीच्या चित्रफितीशी ताडून पाहतात. डोके स्थिर झाले आणि दोन्ही टापा सारख्या वाजू लागल्या, तर निदान बरोबर होते. तसे झाले नाही, किंवा लंगडणाऱ्या पायाची तऱ्हा बदलली, तर पहिल्या सुईपासून तपासणी पुन्हा करतात.